शुभार्थींचा स्वमदत गट: काही महिने जाऊन आल्यावर

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर (मन कधी खूप उंच, कधी खूप खाली नेणारा आजार) असलेल्यांचा, म्हणजे शुभार्थींचा, दादरला भरणारा आठवडी गट. गोळ्या आणि डॉक्टर यांना हा पर्याय नाही. जोडीला मात्र चांगलाच उपयोगी पडतो.

वेळ शनिवारी दुपारी तीन ते साडेचार, आणि ती विचार करून ठेवलेली आहे. रात्री ओलान्झापीन किंवा क्वेटियापीन या गोळ्या घेणाऱ्यांची गुंगी सकाळी उतरलेली नसते, आणि संध्याकाळच्या लोकलला कोण चढणार? माणसं आठ-दहाच बरी. पंधराच्या वर गेली की दोघं-तिघंच बोलतात, बाकीचे चहाची वाट बघतात.

सगळ्यात कामाचा निघाला तो एका पानाचा तक्ता. डावीकडे स्वतःची पूर्वलक्षणं, म्हणजे आजार उलटण्याआधीच्या खुणा, उजवीकडे काय करायचं आणि फोन कुणाला. ‘बरं वाटत नाही’ असं मोघम लिहिलं तर कागद वाया. ‘सलग दोन रात्री चार तासच झोप, तरी थकवा नाही: डॉक्टरांना फोन’ असं हवं. तक्ता बरं असतानाच भरायचा, एक प्रत घरच्या शुभंकराकडे, म्हणजे काळजी घेणाऱ्याकडे. मेनिया (बायपोलरमधली अति उत्साहाची अवस्था) चढला की आपण आजारी आहोत हे पटत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या अक्षरातलं वाचणं जरा सोपं जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवता येते, आपला प्रतिनिधीही नेमता येतो. गटात त्याचा मसुदा करायला मदत होते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ‘मी लिथियम सोडलं, काही झालं नाही’ असं कुणी बायपोलरच्या या औषधाबद्दल म्हणालं की गटप्रमुखानं तिथेच थांबवायला हवं. दर वेळी थांबवत नाहीत. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी करतात, म्हणून सकाळची गोळी रक्त दिल्यावर. जुलाब, ऑक्टोबरचा घाम किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकानं रक्तातली लिथियमची पातळी वाढते, हात जास्त थरथरायला लागले तर लगेच डॉक्टर गाठा. इतकं सांगणं ठीक. डोस बदलायला सांगणं नाही.

दुसरं, व्हॉट्सअॅप. रात्री दोनला कुणी ‘जगायचं नाही’ लिहितो आणि खाली नुसत्या निळ्या टिका. म्हणून रात्री दहा ते सकाळी आठ ग्रुप बंद, वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पिन केलेला. जिवाला धोका असेल तर थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

आई शेजारी बसली असताना मुलगा त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल तोंड उघडत नाही. शुभंकरांना वेगळी खोली हवी. ती इथे नाही, ते जिन्यात उभे असतात. फी नाही, चहाचे दहा रुपये.