सत्तरीचं कुळागर की पेडण्याचं भाट?

शहर सोडून गोव्यातच गावात राहायचं ठरलं, की बरेचजण याच दोन तालुक्यांत जागा बघतात: सत्तरीत कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळीची (सुपारीची) बाग, नाहीतर पेडण्यात भाट, म्हणजे माडा-काजूची बागायत.

सत्तरीत कुळागर मिळालं तर पाणी ही मोठी दौलत. झरीचं पाणी पाटाने पोफळींना सोडायचं, तेच केळींना, तेच पोफळीवर चढवलेल्या मिरीला. पण त्या पाटाची निगा रोजची. पानं अडकली, बांध फुटला, की शेवटची ओळ सुकते. पावसाआधी सुपारी कुजवणाऱ्या कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण मारावंच लागतं: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. साधारण दीड महिन्याने पुन्हा. उंच पोफळीवर चढणारा माणूस हल्ली सहज मिळत नाही, हे मला सगळ्यात मोठं संकट वाटतं. शिवाय माकडं आणि गवे. भाजीला भक्कम कुंपण हवंच.

पेडण्याकडे माड आणि काजू. काजूचं काम मार्च ते मे, सकाळी बोंडू वेचून बिया काढायच्या. नारळ पाडायला दर दोन-तीन महिन्यांनी पाडेली बोलवायचा. तिळारीच्या कालव्यालगत असाल तर उन्हाळी भाजीही होते, नाहीतर सगळी भिस्त विहिरीवर. म्हणून जागा मे महिन्यात बघा आणि विहिरीत वाकून बघा. पेडण्यातल्याच मोपाचा विमानतळ 2023 पासून सुरू आहे, त्यामुळे शांतता हवी असेल तर रात्रीही एक चक्कर मारा.

माती कधी हातात घेतली नसेल, त्याला मी आधी पेडणं सांगेन. घरात दोन धडधाकट माणसं असतील तर मात्र कुळागरच.