स्वस्तातलं ईएमएफ मीटर: घरातल्या वायरिंगला उपयोगी, हाय टेन्शन लाइनखाली अपुरं

भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातून निघालेल्या विजेच्या मोठ्या लाइनी खानदेशातल्या कितीतरी शेतांवरून गेल्या आहेत. खाली दिवसभर राबणाऱ्याला याचा त्रास होतो का, हा प्रश्न मग येतोच. त्यासाठी बरेच जण ऑनलाइन मिळणारं, हातात मावणारं ईएमएफ मीटर, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, मागवतात. नावं वेगवेगळी असली तरी या वर्गातल्या मीटरचे आकडे साधारण सारखेच असतात: विद्युत क्षेत्र १ ते १९९९ व्होल्ट प्रति मीटर, चुंबकीय क्षेत्र ०.०१ ते १९.९९ मायक्रोटेसला.

गाडं अडतं ते त्या १९९९ वर. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी सामान्य माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा (आयसीएनआयआरपी या अशा लहरींपासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची) ५ किलोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे ५००० व्होल्ट प्रति मीटर आहे. ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन जिथे सर्वांत खाली झुकलेली असते, तिथे जमिनीपासून एक मीटरवर काही किलोव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र सहज असतं. मीटर तिथे आकडाच देत नाही, रेंज संपल्याची खूण दाखवून थांबतं. उलट अलार्म मात्र ४० व्होल्ट प्रति मीटरला वाजतो. भिंतीतल्या वायरीजवळ धरलं तरी तो ओरडतो आणि घरातले घाबरतात. ५००० पुढे ४० म्हणजे सव्वाशेवा हिस्सा. त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका.

२२० केव्ही किंवा त्याहून कमी दाबाच्या लाइनखाली, कडेच्या तारेपासून बाहेर सरकल्यावर, मीटर आकडा देऊ शकतं. पण मोजायची रीत पाळली तरच तो आकडा धरण्यासारखा असतो. टॉवरजवळ मोजू नका. टॉवर अर्थ केलेला असतो, तो क्षेत्र अडवतो. दोन टॉवरांच्या मधोमध मोजा, शक्यतो भर दुपारी, कारण मे महिन्यातल्या उन्हाने तार तापून आणखी झुकते आणि खालचं क्षेत्र वाढतं. माणसाचं अंगही क्षेत्र वाकवतं, म्हणून मीटर हातात धरायचं नाही. कोरड्या पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधा, पाइप आडवा आणि जमिनीपासून एक मीटरवर ठेवा, स्वतः निदान अडीच मीटर लांब थांबा आणि आकडा मोबाइलच्या झूमने वाचा. मीटरचं तोंड (सेन्सरचं टोक) वर ठेवा, कारण जमिनीजवळ हे क्षेत्र जवळजवळ उभं असतं. पाइप चुकूनही तारेकडे उभा करू नका. दव किंवा पाऊस असेल तर मोजणी पुढे ढकला, ओला पाइप वीज वाहतो.

केळीच्या बागेत तर हमखास फसगत होते. केळीचं झाड पाण्याने भरलेलं आणि जमिनीशी जोडलेलं, त्यामुळे ते अर्थिंगच्या खांबासारखं वागतं. दोन ओळींच्या मधे, पानांखाली मीटर धरलं तर आकडा एकदम पडतो. शेजारच्या मोकळ्या बांधावर तोच कितीतरी वर जातो. दोन्ही आकडे खरेच. मात्र लाइनचं क्षेत्र किती हे विचारायचं असेल तर बांधावरचा धरायचा.

घरात आणि मोटारीच्या शेडमध्ये मात्र हे मीटर पैसे वसूल करतं. विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर असतं, करंटवर नाही. दिव्याचं बटण बंद केलं आणि होल्डरजवळचा आकडा उतरलाच नाही, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवल्याचा संशय घ्या. स्टार्टरच्या लोखंडी पेटीजवळ किंवा फ्रिजच्या दाराजवळ आकडा शेकड्यांत गेला तर अर्थिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. अर्थिंग जोडल्यावर तो तळाला येतो. दोन्ही वेळा मीटर त्याच जागी, तसंच धरा. अनवाणी ओल्या फरशीवर आणि रबरी चपलेत आकडे वेगळे येतात. आणि पेटीला हात लावण्याआधी टेस्टर किंवा मल्टिमीटर लावाच. हे मीटर फक्त इशारा देतं.

खोक्यावर ५ हर्ट्झ ते ३५०० मेगाहर्ट्झ असं छापलेलं असतं. त्या भरवशावर मोबाइल टॉवर मोजायला घेऊ नका. मीटर सगळ्या लहरींचा एकच आकडा दाखवतं आणि घरातली ५० हर्ट्झची वायरच त्याला भारी पडते. शिवाय टॉवरची मर्यादा वॉट प्रति चौरस मीटरमध्ये असते: १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ९०० मेगाहर्ट्झला ०.४५. व्होल्ट प्रति मीटरचा वर्ग करून ३७७ ने भागलं की हे एकक मिळतं. त्या हिशेबाने ०.४५ म्हणजे साधारण १३ व्होल्ट प्रति मीटर. क्षेत्र दुप्पट झालं तर शक्ती चौपट होते, तेव्हा मोजणीतली छोटी चूकही तिथे मोठी ठरते. टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागवता येते.