स्कॅनिया 143 साठी रेझिनचे कन्व्हर्जन पार्ट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

इटालेरी या मॉडेल कंपनीचं 1/24 स्केलचं (म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं) स्कॅनिया 143 टॉपलाइन ट्रकचं प्लॅस्टिक मॉडेल किट हाताशी होतं. 143 मधला 14 म्हणजे चौदा लिटरचं व्ही-8 इंजिन आणि 3 म्हणजे तिसरी मालिका. गाडी देखणी आहे, पण मला उंच छपराची दोन एक्सलवाली गाडी करायची नव्हती. बुटकी कॅब, मागे एक जादा एक्सल, लांब चासी, अशी राबणारी गाडी मनात होती. किटमध्ये यातलं काहीच मिळत नाही, म्हणून गाडीचं रूप बदलणारे, साच्यात ओतलेले रेझिनचे कन्व्हर्जन पार्ट शोधायला लागलो. आज आठ महिने झाले, गाडी कपाटात उभी आहे. काय टिकलं आणि काय नाही, ते आता सांगता येतं.

सर्वात जास्त वेळ शोधण्यात गेला. बुटक्या कॅबच्या एकाच पार्टला कुणी डे कॅब म्हणतं, कुणी लो रूफ, कुणी नुसतं ट्रान्सकिट. युरोपियन ट्रक बनवणारे बरेच लोक जर्मनीत आहेत आणि तिथे कन्व्हर्जन किटला ‘उम्बाउझाट्झ’ म्हणतात. हा शब्द टाकून शोधल्यावर पहिल्यांदा कामाचं काही दिसलं. दुसरी अडचण अशी की आज दिसलेला पार्ट पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. हे पार्ट बहुतेक वेळा एकटा माणूस घरी सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून काढतो. काही डझन नग निघाले की साचा फाटायला लागतो, मग नवा करेपर्यंत माल बंद. म्हणून माप पटलं असेल तर थांबू नका.

माप पटलं असेल तर. माझा पूर्ण अनुभव या चार शब्दांत आहे. अमेरिकन ट्रकची जुनी किटं, म्हणजे एएमटी वगैरे कंपन्यांची, 1/25 मध्ये आहेत आणि इटालेरीची 1/24 मध्ये. बरेच विक्रेते पार्टवर सरसकट ‘1/24-1/25’ लिहून मोकळे होतात. वाचताना फरक किरकोळ वाटतो. पण अडीच मीटर रुंदीची गाडी 1/24 मध्ये 104 मिलिमीटर होते आणि 1/25 मध्ये 100. बंपर आणि कॅब यांच्यात चार मिलिमीटरचा फरक असेल तर तो लांबूनही दिसतो.

मला याचा फटका रिममध्ये बसला. एका विक्रेत्याकडून असाच दोन्ही स्केल लिहिलेला दहा रिमचा सेट घेतला. ओतकाम सुरेख होतं, नटबोल्ट एकेक मोजता येत होते. किटच्या टायरमध्ये घातली तर रिम आत खुळखुळायला लागली. व्हर्निअर कॅलिपर लावला: 22.9. साडेबावीस इंची रिम 1/24 मध्ये 23.8 मिलिमीटर भरायला हवी; 22.9 म्हणजे चोख 1/25. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की सगळे हीच वापरतात. मी रिमच्या कडेला प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळून पुढची दोन बसवली. मागच्या आठांसाठी तो खटाटोप केला नाही, तिथे किटमधली आणि सुट्या पार्टच्या पेटीतली रिम लावली. पैशांपेक्षा त्या सुंदर ओतकामाची हळहळ जास्त वाटते.

त्यानंतर मी एक नियम पाळतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या पार्टचा फोटो मागतो. मनापासून काम करणारा माणूस तो लगेच पाठवतो. त्याच फोटोत आणखी एक गोष्ट कळते: पार्ट मूळ नमुन्यावरून ओतला आहे की दुसऱ्याच्या पार्टची नक्कल आहे. नकलेत दाराच्या रेषा बुजलेल्या असतात, कडा गोलसर होतात आणि माप किंचित आक्रसलेलं असतं. असा माल घेऊ नका. ज्याने महिनोन्‌महिने बसून मूळ नमुना घडवला, त्याचं पोट त्यावर आहे.

कॅब मात्र उत्तम निघाली. छपराच्या एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे तीन बुडबुडे होते, ते सुपरग्लूने भरले. डावा खांब आत वाकला होता. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हाताने सरळ केला आणि गार पाण्यात धरला, आजही तो तसाच सरळ आहे. रेझिनच्या भिंती किटच्या प्लॅस्टिकपेक्षा जाड असतात. त्यामुळे किटचा आतला भाग, सीट आणि डॅशबोर्डसकट, कॅबमध्ये जाईना. दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकेक मिलिमीटर घासावा लागला. घासताना वॉटर पेपर आणि पाणीच वापरा, तोंडाला मास्क लावा. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

प्लॅस्टिक किट जोडायचा नेहमीचा गोंद, म्हणजे सिमेंट, रेझिनला चिकटत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सीच लागतो. साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भांड्यांच्या साबणाने आणि ब्रशने धुवावाच लागतो. एक दार मी घाईत नीट धुतलं नव्हतं. मास्किंग टेप काढताना नखाएवढा रंग टेपबरोबर आला आणि खालचं पिवळट रेझिन उघडं पडलं.

तिसऱ्या महिन्यात जाणवलं की कॅब पुढे झुकतेय. रेझिनची कॅब जड, आणि किटची बिजागरी हलक्या प्लॅस्टिकच्या हिशेबाने बनवलेली. बिजागरीला भोक पाडून एक मिलिमीटरची पितळी तार आरपार घातली आणि इपॉक्सीने पक्की केली. तेव्हापासून कॅब जागेवर आहे. ही तार रंगाआधीच घाला. मला रंगवलेली कॅब पुन्हा उघडावी लागली.

जादा एक्सलचे पाटे (स्प्रिंग) आणि डिझेलची टाकी थ्रीडी प्रिंटची घेतली. पाटे लाजवाब आहेत, एकेक पान वेगळं दिसतं. टाकी मात्र चौथ्या महिन्यात खालून तडकली आणि आतून चिकट द्रव बाहेर आला. पोकळ प्रिंटला भोक नसेल तर न सुकलेलं रेझिन आत कोंडलेलं राहतं आणि हळूहळू भिंत फोडतं. टाकी मी प्लॅस्टिकच्या नळीपासून नवी केली.

पुन्हा घ्यायचं झालं तर कॅब त्याच माणसाकडून डोळे मिटून घेईन, पाटेही घेईन. पोकळ प्रिंट घेताना भोक कुठे आहे ते आधी विचारेन. रिमचा तो सेट वाया गेलेला नाही. त्यातली आठ रिम एएमटीच्या 1/25 पीटरबिल्ट 359 साठी बाजूला काढली आहेत आणि कालच एक त्या किटच्या टायरमध्ये घालून पाहिली. टच्च बसली.