सात माणसांचे लँकेस्टर : एका मॉडेल संचाविषयी

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या लँकेस्टर या अवजड बॉम्बफेकी विमानाचा १:७२ मापाचा प्लास्टिकचा संच मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नौपाड्यातील एका छोट्या दुकानातून चार हजार आठशे रुपयांना घेतला, आणि तो बांधून पुरा होईपर्यंत गणपती येऊन ठेपले होते. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर तास-दीड तास मी आणि नववीत शिकणारी माझी भाची या कामाला बसत होतो. संच चांगला आहे आणि घेण्यासारखा आहे, हे आधीच सांगतो. त्याच्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग तिच्यासाठी खर्च होणार आहे.

प्रथम बांधणीविषयी. सुटे भाग एकमेकांत नीट बसतात, पंख व धड यांच्या सांध्यात फारशी फट राहत नाही आणि पत्र्यावरच्या रिव्हेटच्या ओळी बारीक व प्रमाणात आहेत. पूर्ण झालेल्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४३ सेंटिमीटर भरतात, त्यामुळे घरातल्या शोकेसचे माप आधी घ्यावे. आम्हाला मधली एक फळी सुताराकडून काढून घ्यावी लागली. ठाण्याच्या पावसात रंग वाळत नाही, हा अनुभव आमच्याही वाट्याला आला. पोटाचा काळा मॅट रंग तीन दिवसांनीही बोटाला लागत होता आणि वरच्या बाजूचे तपकिरी-हिरवे पट्टे तर आम्ही ऑगस्टमधल्या उघडिपीची वाट पाहून मगच मारले. दोन दोष नोंदवले पाहिजेत. मागच्या टरेटची, म्हणजे बंदूकधाऱ्याच्या फिरत्या कोठडीची, पारदर्शक काच एका बाजूला धुरकट निघाली. वितरकाला फोटो पाठवल्यानंतर बदली भाग यायला पाच आठवडे लागले. चिन्हांचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवायची चित्रे, पाण्यात घालताच तडकू लागले. तेव्हा दुकानदार काकांनी सांगितल्याप्रमाणे उरलेल्या कागदावर आधी चकचकीत वार्निशचा हात दिला आणि मग ते शाबूत उतरले.

या संचाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अंतर्भागात आहे. धडाचे दोन भाग चिकटवल्यावर आतले जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि म्हणून अनेक जण तो भाग न रंगवताच पुढे जातात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संचात अडीच सेंटिमीटरहून किंचित कमी उंचीच्या सात आकृती आहेत, कारण लँकेस्टरमध्ये सात माणसे असत. त्यांना एकेक करून जागेवर बसवताना हे विमान जसे कळते तसे कोणत्याही छायाचित्रातून कळत नाही. डावीकडे पायलट, त्याच्या उजवीकडे मिटता येणाऱ्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर, कारण सहवैमानिक ठेवण्याची पद्धत नव्हती. नाकाच्या काचेत पोटावर पालथा पडलेला बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा. पायलटच्या मागे पडद्याआड, दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून झाकून घेतलेल्या टेबलाशी मार्ग आखणारा नॅव्हिगेटर, आणि त्याच्यामागे वायरलेस ऑपरेटर, ज्याच्या जवळ गरम हवेची नळी उघडत असल्याने तो घामाघूम होई आणि बाकीचे कुडकुडत. नॅव्हिगेटरची आकृती हातात धरून भाचीने विचारले, "मामा, यांच्यात आपलं कोणी होतं का?" होते. लँकेस्टरमधून नॅव्हिगेटर म्हणून उड्डाणे करणारे आणि त्यासाठी डीएफसी हे शौर्यपदक मिळवणारे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे याच टेबलाशी बसत. त्यानंतर त्या आकृतीचा चेहरा तिने पुन्हा रंगवला.

वायरलेस ऑपरेटरच्या मागे पंखांचा भार पेलणारी मुख्य तुळई धडातून आडवी जाते. संचातही ती आहे आणि तिच्यामुळे चिमटा पुढे सरकत नाही. जाडजूड कपडे, बूट आणि पट्टे अंगावर असलेल्या माणसाला अंधारात, कलंडत्या विमानात ही तुळई ओलांडून पुढे यावे लागे. तिच्यापलीकडे वरच्या टरेटमधला गनर, आणि त्याहून बरेच मागे, अगदी शेपटाला, एकटा बसणारा रिअर गनर. बाहेर तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरे, विजेवर गरम होणारा पोशाख कधी बिघडे, आणि तरीही अंधारात नीट दिसावे म्हणून अनेक जण समोरची काच काढूनच टाकत. टरेटमध्ये जागा नसल्याने त्याचे पॅराशूट मागे धडात अडकवलेले असे. वेळ आली तर टरेट सरळ करून, मागची दारे उघडून, हात लांबवून ते ओढून घ्यायचे, छातीला अडकवायचे आणि मग उडी. संचात हे पॅराशूट नाही. आम्ही ते पुठ्ठ्याच्या कपच्याचे करून चिकटवले.

विमानाच्या पुढच्या भागातल्या माणसांसाठी बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे बॉम्ब एमरच्या अंगाखालची झडप. ती २२ इंच रुंद होती; या मापात ती पावणेआठ मिलिमीटर भरते. संचात ती बंद स्थितीत, नुसत्या कोरलेल्या रेघेच्या रूपात आहे आणि सूचनापत्रात तिचा उल्लेखही नाही. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेले फ्रीमन डायसन युद्धाच्या काळात बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, आकडेवारी तपासणाऱ्या विभागात होते. पाडल्या गेलेल्या लँकेस्टरमधून सुटणाऱ्यांचे प्रमाण हॅलिफॅक्स या दुसऱ्या विमानाच्या मानाने फारच कमी आहे हे त्या विभागाच्या लक्षात आले, आणि हॅलिफॅक्सची झडप दोन इंचांनी अधिक रुंद होती. झडप मोठी करण्यासाठी डायसन यांचा एक सहकारी सतत झगडला. ते मान्य होईपर्यंत युद्ध संपत आले होते. दोन इंच म्हणजे या मापात पाऊण मिलिमीटरही नाही. सुरीच्या टोकाने तेवढी पट्टी कापून मी भाचीला दाखवली.

आता पुस्तिकेविषयी. गुळगुळीत कागदाची बारा पाने आहेत, त्यांत चार मर्लिन इंजिनांची अश्वशक्ती आहे, वेग आहे, पल्ला आहे, पण ज्या स्क्वाड्रनची चिन्हे या विमानावर लावायची तिच्यात माणसे कशी राहत होती याची एक ओळही नाही. ती माहिती मिळायला कठीण नाही. सकाळी त्या रात्रीच्या मोहिमेवर जाणाऱ्यांच्या नावांची यादी फलकावर लागे. मग विमान थोडा वेळ उडवून तपासायचे, आणि दुपारी किंवा संध्याकाळी ब्रीफिंगच्या खोलीत नकाशावरचा पडदा बाजूला झाला की मार्ग दाखवणाऱ्या रंगीत फितीचे टोक कुठे पोचले आहे ते दिसे. बर्लिन किंवा जर्मनीतले कारखान्यांनी भरलेले रूरचे खोरे असले तर खोलीत काय शांतता पसरत असेल, याची कल्पना करता येते. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला आठवड्याला जेमतेम एक अंडे मिळत असताना उड्डाणावर जाणाऱ्यांना अंडी आणि बेकन वाढले जाई. खिशातली पत्रे, तिकिटे, शत्रूला उपयोगी पडेल असे सगळे काढून ठेवायचे, रेशमावर छापलेला नकाशा घ्यायचा आणि धावपट्टीच्या कडेने दूरदूर उभ्या केलेल्या विमानांपर्यंत गाडीने जायचे. तिथे दिवसभर उघड्यावर राबलेले जमिनीवरचे कर्मचारी असत. तेही त्या विमानाला आपलेच म्हणत आणि पहाटे ते परत येईपर्यंत ताटकळत थांबत. सहा-सात तासांनी परतलेल्यांना चहा, त्यात रमचा घोट आणि गुप्तवार्ता अधिकाऱ्यांचे प्रश्न. आणि भिंतीवरच्या फळ्यावर उतरल्याच्या वेळेचा रकाना काही नावांपुढे रिकामाच राही.

ज्यांचा रकाना रिकामा राही त्यांच्या खोलीत त्याच दिवशी 'कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट' या नावाने ओळखले जाणारे लोक येत. ते गणवेश, पुस्तके, दाढीचे सामान यांची यादी करून वस्तू बांधत आणि घरच्यांना वाचून वेदना होईल असे एखादे पत्र असले तर ते बाजूला काढत. संध्याकाळपर्यंत त्याच पलंगांवर नवी माणसे येत. उरलेले त्यांची नावे पाठ करून घेत नसत, असे अनेकांनी पुढे सांगितले आहे, आणि त्यात मला निष्ठुरपणा दिसत नाही. हे सगळे जण स्वेच्छेने विमानात चढलेले होते. तरीही ज्याची ताकद संपली, त्याच्या कागदपत्रांवर 'मनोधैर्याचा अभाव' अशा अर्थाचा इंग्रजी शेरा मारला जाई. बहुतेकांचे वय विशीच्या आसपास होते. या एका अन्यायाचा उल्लेख तरी पुस्तिकेत असायला हवा होता.

एका फेरीत, म्हणजे टूरमध्ये, ३० मोहिमा असत. कठीण महिन्यांत दर मोहिमेला शंभरातली चार विमाने परत येत नसतील, तर तिसाव्या मोहिमेनंतर किती उरतील, हे भाचीने माझ्या सांगण्यावरून कॅल्क्युलेटरवर काढले: ०.९६ ला ०.९६ ने गुणत राहिले की तिसाव्या वेळी ०.२९ येते. "म्हणजे शंभरातले एकोणतीसच?" असे म्हणून तिने ते पुन्हा एकदा, अधिक सावकाश, करून पाहिले. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाणकर्मींपैकी ५५,५७३ मारले गेले. १९४४ च्या ३०-३१ मार्चच्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली आणि त्यांतली तीन हजारांहून अधिक मोहिमांवर गमावली गेली.

याचे एक कारण मॉडेल उलटे धरले की डोळ्यांना दिसते. पाठीवर टरेट आहे, नाकात आहे, शेपटाला आहे. पोटाखाली काही नाही. जर्मन रात्र-लढाऊ विमानांत वरच्या दिशेने तिरक्या रोखलेल्या तोफा बसवल्या गेल्या आणि ती खालून, न दिसता, येऊन पंखांतल्या इंधनाच्या टाक्यांवर मारा करू लागली. अनुभवी क्रू अधिक वाचतात, असे स्क्वाड्रनमध्ये सांगितले जाई. पण डायसन यांच्या विभागाला १९४४ च्या आकड्यांत तसे काही आढळले नाही, कारण जे दिसतच नव्हते त्याच्यापुढे अनुभवाचा काय उपयोग?

बॉम्बच्या कप्प्याची दारे उघडी ठेवण्याची सोय संचात आहे आणि आत चार हजार पौंडांचा नळकांड्यासारखा बॉम्ब व आग लावणाऱ्या कांड्यांच्या पेट्या बसतात. आम्ही दारे उघडीच ठेवली. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यांत अशाच बॉम्बनी लागलेल्या आगीत तीस हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक नागरिक होते, आणि त्या सात आकृतींबद्दल वाटणारी माया खरी असली तरी हा कप्पा झाकून ठेवणे मला योग्य वाटले नाही.

पहिल्यांदाच मॉडेल बांधणाऱ्याने हा संच घेऊ नये; आधी एखादे एका इंजिनाचे विमान बांधून हात बसवावा. ज्याला सवय आहे त्याने जरूर घ्यावा, पावसाळा सोडून बांधायला काढावा, रंग आणि वार्निश यांचा हजार-बाराशेचा खर्च वेगळा धरावा. आणि नाकाखालची झडप सूचनापत्रातल्या चौथ्या पायरीच्या आधी कापून उघडी करून घ्यावी, कारण धड एकदा चिकटले की सुरी आत पोचत नाही.