फोंड्यातली एक खाणावळ: चौदा महिन्यांचा अभिप्राय

गोव्यातल्या फोंड्याच्या बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. नाव देत नाही, कारण अन्न आणि समाज या विषयावर मी पीएचडी करतेय आणि ज्यांना प्रश्न विचारले त्यांची नावं झाकेन असं लिहून दिलंय. ओळखणाऱ्यांनी गप्प राहावं. चौदा महिने, आठवड्यातून तीनदा जेवले, तेव्हा हे एका ताटावरून ठोकलेलं मत नव्हे.

ताट १६० रुपये. उकडा भात, हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा, तोंडाक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ), किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर), सोलकढी. मासळी ताजी असते. बांगडा लहान होत चाललाय, पण तो काय खाणावळ चालवणाऱ्या काकींचा दोष नव्हे. बुधवारी नशीब असेल तर बांगड्याची उडदामेथी मिळते. उडीद-मेथी खोबरेल तेलावर नेमकी भाजलेली, त्रिफळं हात राखून न घातलेली, शेवटी गुळाची पुसट गोडी. तिच्यासाठी मी गाइडबरोबरची बैठक दोनदा पुढे ढकललीय. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा काकी पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा, डबा उघडतात आणि सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीवर सगळं निभावतं. मला तर तेच दिवस आवडतात. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी: खतखतें, मिश्र भाज्यांचं. दोननंतर गेलात तर सोलकढीत पाणीच जास्त.

पहिल्या दिवशी मी वही उघडायच्या आधीच काकींनी विचारलं, "खंयचें गो तूं? आडनांव कितें?" जातीबद्दल अडून अडून विचारायची माझी अकरा कलमी प्रश्नावली तिथेच ओशाळली. भर गर्दीत दुसरा प्रश्न काढला तर, "पयलीं जेव, मागीर विचार." स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत पाय ठेवायला मात्र सात महिने लागले.

त्याच सुमारास पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मी अ. का. प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयावरचं, १९६१चं इंग्रजी पुस्तक वाचत होते. त्याच्या १७३६च्या फर्मानात नवख्रिस्तींना ज्या हिंदू चालींची मनाई केली, त्यांत एक अशी: भात मिठाशिवाय शिजवणं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सहज विचारलं, भातात मीठ घालता का?

"भातांत मीठ कोण घालता गो?" भात वाढणारी बाई इतकी हसली की डाव खाली ठेवावा लागला. मग माझ्या पानात डावीकडे मिठाची चिमूट टाकली. फर्मानाचं तिला काही सांगितलं नाही. माझ्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्या चिमटीपासून होते.

तक्रारी आहेत. पंखा एकच, तो गल्ल्यावर. भात तिसऱ्यांदा मागितला की वाढणारा पोरगा नेमका बहिरा होतो. सव्वाच्या आसपास कचेऱ्यांतली मंडळी येतात, मग ओळख नसलेल्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. माझ्या निम्म्या मुलाखती अशाच झाल्या, म्हणून मी कुरकुरत नाही. तुम्ही पाऊणच्या आत जा.

साडेचार तारे. अर्धा कापला तो पावतीसाठी. इथे पावती देत नाहीत, आणि क्षेत्रकार्याच्या खर्चात पावतीशिवाय एक बांगडाही बसत नाही.