शिवाजी पार्कवरचं हाफ मॅरेथॉन कोचिंग: सप्टेंबर ते जानेवारी, माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, आता मुंबई मॅरेथॉनमधली हाफ (साधारण २१ किलोमीटर) झाली, पाय मोकळे झाले, म्हणून निवांत लिहिते. शिवाजी पार्कवर पहाटे पाच-साडेपाचला जे रनिंगचे ग्रुप दिसतात ना, त्यातल्या एकाकडे मी सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत कोचिंग घेतलं. ग्रुपचं नाव टाकत नाहीये, कारण जाहिरात करायची नाहीये आणि खाली तक्रारीही लिहिल्यात. पण तिथे काय करून घेतात आणि पैसे वसूल होतात का ते नीट सांगते. फी महिन्याला २२०० रुपये. आठवड्यातून चार दिवस पळायचं, गुरुवार आणि रविवार सरांसमोर, मंगळवार-शनिवार आपलं आपण.

आधी हे सांगायला हवं की हा माझा पहिला ग्रुप नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी जात होते, तिथे आठवड्यातले तीन दिवस स्पीडवर्क, म्हणजे ठरावीक अंतर जोरात पळणं, असायचं आणि रविवारचा लाँग रन पण सगळे एकमेकांना बघून जोरात काढायचे. पहिले सहा आठवडे मी भयंकर खूश होते, कारण पाच किलोमीटरचा टाइम झपाझप कमी होत होता, आणि मग डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी फक्त पळताना, मग जिना उतरताना, मग नुसतं बोट दाबलं तरी. डॉक्टरांनी दीड महिना पळणं बंद केलं. त्या वर्षी हाफ मॅरेथॉनला उभी राहिले पण पेडर रोडचा चढ चालत चढले आणि २ तास ३१ मिनिटं लागली. त्यामुळे या वेळी मी सरांना पहिल्याच दिवशी विचारलं की स्पीड किती दिवस. ते म्हणाले, "ताई, एक दिवस. आणि तोही तुम्ही बाकीचे तीन दिवस हळू पळालात तरच."

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला अजिबात सोपं नाही. माझी हळू पळायची पेस त्यांनी साडेसात ते पावणेआठ मिनिटांना किलोमीटर अशी ठरवली. शेजारून लोक सटासट पुढे जातात आणि आपण गप्पा मारता येतील इतक्या वेगाने जायचं. गप्पा मारता येणं हीच तिथली परीक्षा आहे, सर मधेच शेजारी येऊन पळायला लागतात आणि काहीतरी विचारतात, ऑफिस कसं आहे, पोरांची परीक्षा कधी, आणि तुम्ही तुटक तुटक उत्तर दिलं की सांगतात अजून हळू. मला सुरुवातीचे तीन-चार आठवडे वाटत होतं की पैसे देऊन हे काय करतोय आपण.

मग एकदा त्यांनी रविवारी पळून झाल्यावर कट्ट्यावर बसून समजावलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळू आणि लांब पळण्याने स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शरीर चरबी जाळून पळायला शिकतं. याला महिने लागतात आणि घाई करून ते होत नाही. इंटरव्हलचं, म्हणजे मधे थोडं जॉगिंग करत जोरात मारलेल्या फेऱ्यांचं, काम वेगळं, हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लावायचं, पायांना वेगाची सवय लावायची. पण त्याचा भार मोठा, हाडं आणि स्नायूबंध दमापेक्षा सावकाश तयार होतात. माझ्या नडगीचं नेमकं हेच झालं होतं, दम वाढला होता आणि हाड मागे राहिलं होतं. आणि या दोघांच्या मधली जी पेस असते, ना धड हळू ना धड जोरात, त्यात बहुतेक हौशी लोक आठवडाभर अडकतात, मग गुरुवारी, म्हणजे स्पीडच्या दिवशी, जोरात पळायला पायात काही उरत नाही. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर नावाचे संशोधक आहेत, त्यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तर साधारण ८० टक्के सेशन हळू आणि २० टक्के जोरात असं निघालं. मी घरी येऊन आमचा आठवडा मांडला: मंगळवार ६ किलोमीटर, गुरुवार वॉर्मअप धरून ९-१०, शनिवार ५, रविवार १५, म्हणजे ३५च्या आसपास, त्यात खरं जोरातलं पळणं ४.८ किलोमीटर. अंतराने मोजलं तर चौदा टक्के पण नाही.

आता गुरुवार. एक आड एक गुरुवारी प्रियदर्शिनी पार्कच्या ४०० मीटरच्या सिंथेटिक ट्रॅकवर, एरवी शिवाजी पार्कलाच. नोव्हेंबरमधला एक दिवस मला जसाच्या तसा आठवतो. ८०० मीटर गुणिले सहा, मधे ४०० मीटर जॉग, माझं टार्गेट ४ मिनिटं ४५ सेकंद. पाय हलके वाटत होते म्हणून पहिलं ८०० मी ४:१८ मध्ये काढलं आणि शाबासकीची वाट बघत थांबले. सरांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं, काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं. दुसरं ४:३१, तिसरं ४:४६, चौथ्याला खांदे कानापर्यंत वर आले होते आणि पाचव्याला ५:०४. सहावं त्यांनी करूच दिलं नाही. म्हणाले, "पहिलं ८०० तुमचं नव्हतं, उत्साहाचं होतं. आपल्याला सहाही सारखी हवीत." पुढच्या वेळी सहाच्या सहा ४:४३ ते ४:४७ मध्ये आली, आणि घरी जाताना जिना नेहमीसारखा चढले. ही एक गोष्ट शिकण्यासाठी पाच महिन्यांची फी मी पुन्हा भरेन.

ग्रुपमध्ये एक काका आहेत, त्यांचं म्हणणं की चेकोस्लोव्हाकियाचा जुना धावपटू झाटोपेक तर फक्त ४०० मीटरच्या फेऱ्या मारायचा आणि १९५२ला हेलसिंकीत ५ हजार, १० हजार आणि मॅरेथॉन तिन्ही जिंकला, मग आपण लाँग रन का करायचा. सर म्हणाले, काका, तो दिवसाला चाळीस-चाळीस फेऱ्या मारायचा, मधलं जॉगिंग धरलं तर त्याचा रोजच लाँग रन व्हायचा. मला स्वतःला ललिता बाबरचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं, माझं माहेर साताऱ्याकडचं म्हणूनही असेल. माण तालुक्यातली ही मुलगी आधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत पळायच्या शर्यतीकडे, वळून २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पळाली.

रविवारचा लाँग रन ही या कोचिंगमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. शिवाजी पार्कवरून निघायचं, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ, मग चौपाटी आणि मरीन ड्राइव्हवरून एनसीपीएपर्यंत. तिथून चर्चगेटला चालत जाऊन दादरची स्लो लोकल पकडायची. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, रविवारची गाडी रिकामी असते तरी आम्ही बायका दारात वाऱ्याला उभ्या, कुणीतरी डब्यातून खजूर आणि उकडलेले बटाटे काढतं. पेडर रोडला सर दर वेळी सांगायचे, घड्याळ बघू नका, श्वास बघा, चढ संपल्यावर श्वास जागेवर आला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये तर त्यांनी पेस मोजणंच बंद करायला लावलं, कारण मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. डिसेंबरमध्ये थोडा गारवा आला तेव्हा तेवढ्याच ठोक्यांत पेस आपोआप सुधारलेली दिसली.

आता तक्रारी. डिसेंबरमध्ये बॅचमध्ये चाळीसेक जण झाले आणि सर एकटेच, मग गुरुवारी सगळ्यांचे टाइम घेणं त्यांना जमत नव्हतं, नवीन आलेले लोक पहिल्या फेरीतच उधळायचे आणि कुणी थांबवायला नाही. लाँग रनला पाणी एकाच ठिकाणी, वरळीला, पुढचं आपलं आपण बघायचं. स्ट्रेंथचे व्यायाम प्लॅनमध्ये लिहिलेत पण करून घेत नाहीत, माझ्यासारख्या नडगी दुखून आलेल्यांना पोटरीचे व्यायाम दाखवायलाच हवेत, मी ते फिजिओकडून वेगळे शिकले. फी परत मिळत नाही, मी ऑडिटमुळे दोन आठवडे बुडवले ते गेलेच. आणि हो, गुरुवार चुकला तर तो शनिवारी करायचा नाही असा कडक नियम आहे, तो मात्र योग्यच आहे, कारण दुसऱ्या दिवशी लाँग रन असतो.

जानेवारीत हाफ मॅरेथॉनला माहीमवरून सुरुवात केली, सी लिंकवर सगळे पुढे पळत होते, मी नाही गेले. पेडर रोड न थांबता पळत चढले. २ तास १७ मिनिटं. नडगी ठीक.

नवीन बॅच पावसाळ्यात सुरू होते, मी नाव दिलंय. सरांना विचारलं आता स्पीड दोन दिवस करू का, तर मंगळवारचे सहाचे आठ किलोमीटर करून दिलेत, गुरुवार आहे तसाच.