कारवानी की लॅब्रॅडॉर: रक्तातलं किती, शिकवणीतलं किती

कारवानी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सशामागे सुटण्यासाठी जोपासला गेला. लॅब्रॅडॉर टिपलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी. म्हणून लॅबचं पिल्लू चेंडू सहज परत आणायला शिकतं आणि कारवानीला ससा दिसला की हाक ऐकूच येत नाही. हा हट्टीपणा नव्हे. मारलंत तर तो तुम्हालाच बिचकेल. माळावर 10 मीटरची दोरी लावा, हाकेला आला की दर वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. कुंपण नसेल तिथे पक्क्या सरावानंतरही दोरी काढू नका.

लॅबचं दुखणं म्हणजे अंगावर उड्या. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड करा.

परक्या माणसाची भीती मात्र दोघांतही बरीचशी 3 ते 14 आठवड्यांच्या वयात ठरते. कारवानीला मुळातच परक्याचा स्पर्श नकोसा, त्यामुळे त्या वयात माणसांची सवय लावण्यात झालेली हयगय त्याच्या बाबतीत जास्त महाग पडते. पाहुण्याने हात पुढे करू नये; बाजूला बसून खाऊ टाकावा, पिल्लू आपणहून येऊ द्यावं.

आणि पिल्लू निवडण्याआधी त्याची आई पाहा. पिल्लांपासून दूर असतानाही ती माणसाला पाहून शेपूट पोटाखाली घालत असेल, तर त्या वेतातलं पिल्लू घेऊ नका.